मोजणीबाहेरची माणसं

एखाद्या रुग्णालयात वर्षभरात कर्करोगाचे किती रुग्ण आले, या आकड्यावरून समाजातलं रोगाचं प्रमाण कळत नाही. तिथे दूरदूरची माणसं येतात आणि जवळची कित्येक येतच नाहीत. ठरावीक भागात राहणारा प्रत्येक रुग्ण नोंदवायचा आणि त्या संख्येला तिथल्या लोकसंख्येने भागायचं, तेव्हा कुठे प्रमाण हाती लागतं. भारतात अशी नोंदणी प्रथम मुंबईत, १९६३ साली, इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. त्यामागे डॉ. डी. जे. जस्सावाला होते. १९८२ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुंबईसह बंगळूर आणि मद्रास इथल्या नोंदी एकत्र येऊ लागल्या.

या कामातली खरी कटकट दुबार नोंदीची. एकच बाई एका रुग्णालयात तपासणी करते, दुसऱ्यात शस्त्रक्रिया, तिसऱ्यात किरणोपचार. कुठे माहेरचं नाव, कुठे सासरचं, वयही अंदाजाने सांगितलेलं. तीन कागद, पण रुग्ण एक. इथे सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. नाव, वय, पत्ता आणि अवयव ताडून ते संशयित जोड्या पुढे ठेवतं. पुरुषाच्या नावापुढे गर्भाशयाचा कर्करोग लिहिला गेला, तर नोंद अडवतं. फ्रान्समधल्या ल्यों शहरातील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने याच कामासाठी 'कॅनरेग' तयार केलं आणि साधनं तोकडी असलेल्या अनेक देशांतल्या नोंदणी केंद्रांनी ते वापरलं.

पण आत आलेली नोंदच संगणक तपासू शकतो. जो रुग्ण रुग्णालयाची पायरीच चढला नाही, त्याचं काय? हा प्रश्न बार्शीने सोडवायला घेतला. १९८७ मध्ये तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके तिच्या कक्षेत होते. कागद येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावात जात, लक्षणं समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी राजी करत. मुंबईत तेव्हा बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग पुढे होता. बार्शीकडे गर्भाशयमुखाचा पहिला निघाला.

या पायपिटीचं मोल पुढे कळलं. शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर तपासणीचा मोठा प्रयोग झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्या गटाची एकदा एचपीव्ही चाचणी ठरली होती, त्यातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न दिलेल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४. या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल नंतर टीका झाली, आणि ती दुर्लक्षण्याजोगी नाही. पण हा हिशेब मांडता आला तो प्रत्येक रुग्ण आणि प्रत्येक मृत्यू शोधून लिहिला गेला म्हणूनच.

आता नोंद पेशीच्या आत पोचली आहे. २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास' प्रकल्पाने ११,००० हून अधिक रुग्णांच्या ३३ प्रकारच्या कर्करोगांची जनुकीय माहिती जमवली. ती सुमारे २.५ पेटाबाइट भरली. सेकंदाला १० गिगाबिट वेगाने ती अखंड उतरवली, तरी २३ दिवस लागतील. ती साठवणार कुठे, हा पुढचा प्रश्न. म्हणून तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने क्लाउडचा मार्ग धरला. माहिती एका जागी ठेवायची आणि संशोधकाने आपली आज्ञावली तिथे पाठवायची. त्यामुळे स्वतःचा महासंगणक नसलेल्या संशोधकालाही हे दार उघडलं.

मात्र या अ‍ॅटलासमधले बहुसंख्य रुग्ण युरोपीय वंशाचे आहेत. तिथल्या निष्कर्षांवर उद्या परांड्यातल्या बाईचं औषध ठरणार असेल, तर तिच्यासारख्यांची माहिती त्यात हवी. ती नसेल, तर हे तिला कोणी सांगणारही नाही, कारण गाळलेल्या नावाची चूक कुठलंच सॉफ्टवेअर दाखवत नाही. ती शोधायला बार्शीच्या कार्यकर्त्यांसारखं बाहेर पडावं लागतं.