नारू : एका गेलेल्या रोगाची गोष्ट

मंडळी, आपल्या गावात सत्तरी ओलांडलेले कोणी आजोबा असतील, तर त्यांना आज संध्याकाळी एक शब्द विचारून पाहा. तो शब्द म्हणजे ‘नारू’. स्वतः भोगलेला नसला, तरी कुणाच्या तरी पायातून निघालेला पांढरा दोरा त्यांना आठवण्याचा संभव आहे. मग हाच शब्द शाळेतल्या मुलांना विचारा. बहुतेक मुले तोंडाकडे पाहत राहतील. एका पिढीला ज्याची धास्ती होती, त्याचे नावही पुढच्या पिढीला ठाऊक नसावे, हे कसे घडले? ही कहाणी आपल्या विहिरींची आहे, म्हणून ती आपण नीट समजून घेतली पाहिजे.

प्रथम लक्षणे पाहू. माणूस वर्षभर धडधाकट असतो. एके दिवशी घोट्याजवळ किंवा पोटरीवर एक फोड येतो. अंगाला खाज सुटते, कधी ताप भरतो, आणि फोडाच्या जागी निखारा ठेवल्यासारखी आग होते. फोड फुटला की आतून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोके काढतो. हा मादी जंत हातभर, कधी दोन हातही लांब असतो. तो ओढून काढावा म्हटले तर तुटतो. तुटला की आत पू होतो, पाय सुजतो, धनुर्वाताचेही भय असते. म्हणून जुनी माणसे जंताचे टोक एका काडीला गुंडाळीत आणि रोज थोडा थोडा पीळ देत तो बाहेर काढीत. ह्या कामी कित्येक दिवस, कधी आठवडे जात. तोवर माणूस खाटेवर.

रोग फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील एका ग्रीक लेखकाने तांबड्या समुद्राकाठच्या लोकांच्या पायांतून बारीक साप निघतात, असे लिहून ठेवले. आपल्या ‘भावप्रकाशा’त ह्याला ‘स्नायुक’ असे नाव आहे, कारण तो स्नायूच्या तंतूसारखा दिसतो. रोग ओळखला होता, त्याचे वर्णनही केले होते. परंतु तो येतो कोठून, हे कोणालाच उमगत नव्हते. कोणी शीर बाहेर आली म्हणे, कोणी दैवाचा कोप म्हणे. पाणी प्यायल्याला वर्ष लोटल्यावर पायाला फोड आला, तर त्या दोहोंचा संबंध कोण जोडणार?

तो संबंध १८७० च्या सुमारास जुळू लागला. फेदचेन्को नावाचा रशियन शास्त्रज्ञ तुर्कस्तानात काम करीत होता. नारूची पिल्ले पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवाच्या पोटात शिरतात, असे त्याला आढळले. हा जीव एक-दोन मिलिमीटरचा. पेल्यातले पाणी उजेडाकडे धरले तर ठिपक्यासारखा हलताना दिसावा, एवढाच. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लायपर ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने असे जीव जठररसाइतक्या सौम्य आम्लात सोडून पाहिले. सायक्लॉप्स मेले, पण त्यांच्या पोटातली नारूची पिल्ले वळवळत बाहेर आली. माणसाच्या पोटात काय होत असेल, ते त्यावरून कळले.

आता सबंध चक्र ध्यानात घ्या. ज्याच्या पायाची आग होते, तो थंडाव्यासाठी पाण्यात पाय घालतो. पाणी लागताच मादी जंत हजारो पिल्ले पाण्यात सोडतो. ती सायक्लॉप्स गिळतो आणि सुमारे दोन आठवड्यांत ती माणसाला बाधण्याजोगी होतात. तेच पाणी दुसरा कोणी पितो. पिल्ले जठराची भिंत भेदून शरीरात शिरतात, वाढतात, आणि वर्षभराने त्या दुसऱ्याच्या पायाला फोड येतो. ह्यात रोग्याचा काय दोष? पायाची आग शमवावी, एवढेच त्याला हवे होते.

आपल्याकडे ह्या चक्राला सोयीची जागा मिळाली ती बारवेची. आडाचे पाणी पोहऱ्याने वरून शेंदतात, तेथे पाय पाण्याला लागत नाही. बारवेत मात्र पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभे राहून घागर बुडवायची. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की सगळा गाव त्या उरल्यासुरल्या डबक्यात उतरणार. म्हणजे लागण उन्हाळ्यात, आणि फोड पुढच्या उन्हाळ्यात, रोहिणी-मृगाच्या तोंडावर. पेरणीला माणूस हवा, तेव्हाच तो खाटेला खिळलेला! आफ्रिकेतल्या माली देशात ह्याला ‘रिकाम्या कणगीचा रोग’ म्हणतात. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ह्या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ह्याच विहिरींवर पिढ्यान् पिढ्या विटाळ पाळला गेला. कित्येकांना पायरीवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. पाणी बाटते ते परक्याच्या स्पर्शाने, अशी समजूत. प्रत्यक्षात पाणी नासत होते ते फोड आलेल्या पायाने, आणि तो पाय बहुधा पायरी उतरण्याचा मान असलेल्याचाच असे. रोगाचे खरे कारण न शोधता माणसालाच कारण ठरवले की असे होते.

नारूवर लस नाही. तो मारणारे औषध आजही नाही. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही, असेही नाही. तरीही आपल्या देशातून तो गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर पडू लागले. मराठवाड्यातला जालना आणि आपल्या शेजारचे सोलापूर ह्या गावांच्या नावाचे हापसे तेव्हा निघाले होते. त्यांतूनच पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा तयार झाला. १९८३-८४ पासून नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ साली सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत मिळून ३९,७९२ रुग्ण मोजले गेले. त्या सात राज्यांत महाराष्ट्रही होता. कर्मचारी घरोघर फिरून रुग्ण शोधीत. पायऱ्या बंद करून विहिरींना कठडे बांधले, पाण्यात टेमिफॉस हे औषध टाकले, आणि बायाबापड्यांना सांगितले, पाणी दुहेरी फडक्याने गाळून घ्या. भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे जैन क्षेत्र आपणांस ठाऊक आहे. पाणी गाळून पिण्याचा जैनांचा नियम अहिंसेसाठी होता, पण तेच फडके सायक्लॉप्सलाही अडवते! देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

अलीकडे जुन्या बारवांतला गाळ काढण्याचे काम तरुण मंडळी उत्साहाने करीत आहेत. ते अवश्य व्हावे. त्या बारवा बांधणाऱ्यांचे कसब थोर होते, आणि दोष दगडाचा नव्हता. फक्त मुलांना तेथे नेले, की ह्या पायऱ्यांवर काय घडत होते तेही सांगावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सूचना. फळ्यावर एक वर्तुळ काढा : पाय, पाणी, सायक्लॉप्स, पोट, पुन्हा पाय. मुलांना विचारा, हे कोठे तोडता येईल? कोणी म्हणेल हापसा, कोणी म्हणेल फडके. मग दुसरे वर्तुळ काढा : डेंग्यूचा रोगी, डास, उघडी टाकी, नवा डास, नवा रोगी. टँकरचे पाणी पिंपात साठवून दिवस काढणाऱ्या आपल्या गावांना हे दुसरे वर्तुळ आज लागू आहे. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिते करून घासावे लागते. ते कोणी घासायचे, हे मुलांनी घरी जाऊन ठरवावे.