बहात्तर साल, देसाईगंजचं ठाणं आणि आपल्या हातातला मोबाईल

बहात्तर साल म्हटलं की आपल्या जालन्यात सगळ्यांना दुष्काळ आठवतो. खडी फोडायची कामं, सुकडी, लाल मिलो. माझा जन्म त्यानंतरचा, पण आजीकडून इतकं ऐकलंय की डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं.

त्याच साली विदर्भात आणखी एक गोष्ट घडली. ती आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. परवा एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका पीडित मुलीबद्दलचा मेसेज फिरताना पाहिला आणि ही गोष्ट लिहायचीच असं ठरवलं. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

२६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे वडसा. (गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. आपला जालना त्याच्या एक वर्ष आधी औरंगाबादमधून निघाला.) आईवडील नसलेली, मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. घरातल्या एका तक्रारीवरून तिला आणि इतरांना पोलीस ठाण्यात बोलावलं गेलं. जबाब झाले. बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला मात्र थांबवून घेतलं. दोन पोलिसांनी ठाण्यातच अत्याचार केल्याचं तिनं बाहेर येऊन सांगितलं. बाहेर लोक जमले, चिडले, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली गेली. डॉक्टरांनी तिला तपासलं ते दुसऱ्या दिवशी रात्री.

पुढं काय झालं बघा. १९७४ साली सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. मुलीला आधीपासून शरीरसंबंधांची सवय होती, असा मुद्दा तिच्याविरुद्ध धरला गेला. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं सांगून एकाला ५ वर्षं आणि दुसऱ्याला १ वर्षाची शिक्षा दिली. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत आणि तिनं आरडाओरडा केल्याचं दिसत नाही.

आता तुम्हीच सांगा. रात्रीची वेळ, दार लावलेलं ठाणं, समोर वर्दीतला माणूस. मजुरी करणाऱ्या पोरीनं ओरडून बोलवायचं कुणाला? पोलिसाला?

हा निकाल वर्षभर फायलीत पडून होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी थेट सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. हार मानून गप्प बसणं आणि मनापासून होकार देणं यातला फरक न्यायालयाला दिसला नाही का, असा त्याचा मतलब होता. महिला संघटनांनी ते पत्र हातोहात पोचवलं. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्च १९८० ला मुंबई, नागपूर, दिल्लीत बाया रस्त्यावर उतरल्या.

ते दोघे सुटले ते सुटलेच. पण १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा ठरला. अशा प्रकरणात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर न्यायालय तिचं म्हणणं धरून चालणार. खटला बंद दाराआड चालणार. आणि पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा, २ वर्षांपर्यंत कैद.

या शेवटच्या कलमापाशी मी थांबतो, कारण ते माझ्या धंद्याशी आहे.

त्या मुलीचं नाव देशभर छापलं गेलं. कायद्याच्या पुस्तकांत ते प्रकरण आजही तिच्याच नावानं शिकवतात. जिच्यामुळं बाकीच्यांना नाव झाकायचा हक्क मिळाला, तिला स्वतःला तो कधी मिळाला नाही. म्हणून मी इथं तिचं नाव लिहिलेलं नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीही कमेंटमध्ये लिहू नये.

आता माझी चूक सांगतो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच कामाला लागलो होतो. एका गावातली बातमी आली. नाव छापायचं नसतं हे वर्गात शिकलो होतो, म्हणून छापलं नाही. पण गाव लिहिलं, मुलीची इयत्ता लिहिली, वडील काय काम करतात तेही लिहिलं. बातमी पहिल्या पानावर लागली आणि मला शाबासकी मिळाली. चार दिवसांनी मुलीचे मामा ऑफिसात आले. भांडले नाहीत. खुर्चीवरही बसले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही नाव टाकलं नाही हे खरंय. पण आता गावात कुणाला विचारायचं राहिलं नाही." त्या मुलीची शाळा सुटली. पुढं ते कुटुंबच गाव सोडून गेलं.

आपल्याकडं गाव केवढं असतं? दोन-अडीचशे घरं. इयत्ता आणि बापाचा धंदा सांगितला की झालं, नाव सांगायची गरजच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर २०१८ च्या निकालात नेमकं हेच सांगितलंय. नुसतं नाव नाही, ज्या माहितीवरून ओळख पटू शकेल अशी कुठलीही माहिती छापील माध्यमात, टीव्हीवर किंवा सोशल मीडियावर देता येत नाही. म्हणजे हा कायदा आता फक्त पत्रकारांपुरता राहिलेला नाही. 'निषेध' म्हणून फोटो फॉरवर्ड करणारा प्रत्येक जण त्यात येतो.

आणि याचा तोटा एकाच मुलीला होतो असं नाही. पंचक्रोशीतली दुसरी पोर ते सगळं बघत असते. बोललं की काय होतं, हे तिला कळतं. ती गप्प बसते आणि करणारा मोकळा राहतो. अत्याचार रोखायचा असेल तर बोलणारीला सांभाळावं लागतं. माझ्या मते सुरुवात इथूनच होते.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणावर अशी वेळ आली, तर एवढं लक्षात ठेवा.

"तू तिथं गेलीच कशाला" हे विचारू नका. आधी ऐकून घ्या.

दवाखान्यात लवकर न्या, जमल्यास अंघोळ न करता आणि कपडे न धुता. सरकारी असो की खासगी, उपचार मोफत द्यावेच लागतात. पोलीस तक्रार आधी आणा, असं म्हणता येत नाही. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. उशीर झाला असला तरी न्याच.

'दोन बोटांची चाचणी' कुणी करत असेल तर नकार द्या. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सांगितलंय.

गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. 'हद्द आमची नाही' हे उत्तर चालत नाही. बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणं हा २०१३ पासून पोलिसासाठीच गुन्हा आहे. जबाब महिला पोलिसानंच घ्यायचा असतो.

मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर पोक्सो कायद्याखाली माहिती देणं बंधनकारक आहे. 'घरातलं घरात मिटवू' हा पर्यायच नाही.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तो मोफत मिळतो. आर्थिक मदत आणि पुनर्वसनासाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे.

नंबर सेव्ह करा: पोलीस ११२, महिला हेल्पलाईन १८१, मुलांसाठी १०९८, कायदेशीर मदत १५१००.

पोस्ट जरूर शेअर करा. फक्त कमेंटमध्ये आपल्या भागातल्या कुठल्याही प्रकरणाचं नाव, गाव, जात, शाळा लिहू नका. कुणी लिहिलंच तर कमेंट डिलीट करीन, मग तो माझा सख्खा मित्र का असेना. एकदा चुकलोय, परत चुकायचं नाही.