निर्वासन आणि संभाषण : अमीर हसनच्या ग्रंथाचे उत्तरायुष्य

निर्वासन आणि काव्य यांच्या संबंधाचा विचार करताना प्रथम आठवतो तो रोमन कवी ओव्हिड. इ.स. 8 मध्ये ऑगस्टसच्या आज्ञेने त्याला काळ्या समुद्राकाठच्या तोमिसला जावे लागले. 'त्रिस्तिया'च्या पाच खंडांत त्याने वियोगालाच काव्यविषय केले आणि निर्वासिताचे साहित्य म्हणजे विलाप, हे समीकरण रूढ झाले. मराठवाड्यातील एक उदाहरण मात्र हे समीकरण अपुरे ठरवते.

अमीर हसन सिज्झी हा दिल्लीचा फार्सी गझलकार, अमीर खुसरोचा स्नेही. 1308 ते 1322 या काळात त्याने आपले गुरू निजामुद्दीन औलिया यांची संभाषणे 'फवायद-उल-फुआद' या ग्रंथात नोंदवली. 1325 मध्ये गुरू आणि खुसरो दोघेही निवर्तले. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीतील प्रतिष्ठितांना दौलताबादला हलवले. त्यांत हसनही आला. त्याची कबर खुलताबादला आहे.

ग्रंथ तर निर्वासनापूर्वीचा. मग निर्वासनाने त्याला घडवले, असे कोणत्या अर्थाने म्हणावे? दिल्लीत तो एका जिवंत मैफलीची नोंद होता. दख्खनमध्ये, मैफल आणि शहर दोन्ही दुरावल्यावर, तो त्यांचा पर्याय झाला. 1332 ते 1337 या काळात रुक्नुद्दीन काशानी याने बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची संभाषणे 'नफायस-उल-अन्फास'मध्ये नोंदवली, ती हसनचाच आदर्श समोर ठेवून. त्याचे बंधू हम्माद आणि मज्द यांनीही गुरूविषयी ग्रंथ रचले. एका कवीची कृती अशा रीतीने या भूमीत वाङ्मयप्रकार म्हणून रुजली.

येथे 'लीळाचरित्रा'चे स्मरण अपरिहार्य आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा अनेकांच्या आठवणींतून संकलित केल्या. हसनचे लेखन गुरूच्या हयातीत झाले आणि गुरूने ते पाहिलेही होते. म्हाइंभटांना केवळ साक्षीदारांचा आधार होता. दोहोंत प्रभावाचे नाते सुचवायचे नाही. पण बोलणारा नाहीसा झाल्यावर त्याच्या बोलण्याचे काय करायचे, हा प्रश्न दोन्ही संप्रदायांपुढे उभा होता आणि दोघांनीही गद्यातच त्याचे उत्तर शोधले.

भाषेच्या सीमेवर थांबणारा आपला साहित्येतिहास हे साम्य पाहू शकत नाही. निर्वासनाचा ठसा कवीच्या आक्रोशातच शोधला, तर हसन हाती लागत नाही. तो ठसा त्याच्या ग्रंथाची गरज भासलेल्या वाचकांत आहे.