गाविलगडाचा चढ

माझी पुतणी नोकरीनिमित्त इटलीत मिलानला असते. गेल्या वर्षी गणपतीत तिचा फोन आला. मैत्रिणींबरोबर ती टस्कनी प्रांतात सायकलने फिरायला निघाली होती. डोंगरमाथ्यावरची तटबंदीची गावं, उतारावर द्राक्षमळे, मधून जाणारे पांढऱ्या मुरमाचे रस्ते, असं वर्णन करून म्हणाली, "काका, तुम्ही इतिहासाचे मास्तर आणि जन्मभर सायकलवाले. तुम्ही यायलाच हवं."

त्या पांढऱ्या रस्त्यांची गोष्ट तिनेच सांगितली. गायोले इन कियान्ती या गावात १९९७ पासून दर ऑक्टोबरात एक सायकलफेरी निघते. तिच्यात जुन्या काळच्या लोखंडी सायकलीच चालतात. ती सुरू करणाऱ्यांचा हेतू असा की, सायकलवाले येत राहिले तर सरकार या कच्च्या रस्त्यांवर डांबर टाकणार नाही. वाडा जपावा, देऊळ जपावं, हे आपल्याला ठाऊक आहे. कच्चा रस्ता जपण्यासाठी माणसं झटतात, हे मला नवीन होतं. रस्ता हाही एक कागदच आहे, वाचता आला पाहिजे, असं काहीसं त्या फोननंतर डोक्यात घोळू लागलं.

इटलीला काही मी गेलो नाही. व्हिसा, तिकीट, गुडघे, कारणं पुष्कळ. पण दर्यापूरच्या आमच्या घराच्या गच्चीवरून हिवाळ्यात सकाळी उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. त्या रेघेवर गाविलगड आहे. एकतीस वर्षं मी वर्गात फळ्यावर लिहीत आलो : "१५ डिसेंबर १८०३. वेलस्लीने गाविलगड तीन दिवसांत जिंकला." या वाक्याखालचा रस्ता मी कधी पाहिला नव्हता. चिखलदऱ्याला शाळेच्या सहली अनेकदा नेल्या, पण एसटीत बसून. एसटीत मुलं गाणी म्हणतात आणि मास्तर डोकी मोजतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सायकलचं ओव्हरहॉलिंग करून घेतलं. बावीस इंची, बिनगिअरची, काळी. दुकानदाराने ब्रेकची रबरं नवी घातली आणि विचारलं, "गुरुजी, कुठी चाल्ले?" चिखलदऱ्याला म्हटल्यावर त्याने पाना खाली ठेवला. "घाटात ढकलत न्या लागते सायकल. माणूस चढते, गाडी नाई चढत."

दर्यापूर-बनोसा मागे पडलं की अंजनगावपर्यंत तिसेक किलोमीटर जमीन हाताच्या तळव्यासारखी सपाट आहे. दोन्ही बाजूंना काळीभोर माती, वेचणीला आलेला कापूस, शेंगांनी वाकलेली तूर. याच पट्ट्यातून शकुंतलेचे रूळ जातात. मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी टाकली ती कापसासाठी. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. आता गाडी बंद आहे, रुळांत गवत आहे. तिच्याविषयी इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही.

लिहायचंय ते पाण्याविषयी. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा असा की विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. घरात नळाला धरणाचं पाणी येतं आणि विहीर हा विषय आम्ही विसरलो आहोत. सायकलवर मात्र आठवण होते. कॅरिअरला दोन बाटल्या बांधल्या होत्या, त्या कापूसतळणीच्या आसपास संपल्या. एका शेतातल्या हातपंपाचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. पुढे अंजनगावच्या शिवारात एका पानमळ्याशी थांबलो, तिथलं पाणी गोड. विड्याच्या पानाची वेल आणि पानपिंपरी ही अंजनगावची जुनी पिकं, आणि दोन्ही नाजूक. खाऱ्या पाण्यावर ती जगत नाहीत. मळ्याच्या सावलीत बसून मी मनातल्या मनात नकाशा काढला. अकोट, अंजनगाव, अचलपूर : वऱ्हाडातली जुनी, नांदती, तटबंदीची गावं एका माळेत सातपुड्याच्या पायथ्याशी बसली आहेत, जिथे डोंगरातून आलेलं गोड पाणी आहे. १८०३ च्या फौजा याच माळेने सरकल्या. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, तेल्हाऱ्याजवळ. तिथून ५ डिसेंबरला वेलस्ली अचलपुरात पोचला. हजारो माणसं आणि त्यांहून अधिक बैल घेऊन जाणाऱ्या सेनापतीला रस्ता निवडायला फारसा वाव नसतो. पाणी जिकडे, तिकडे तो. पुस्तकांतल्या नकाशांत बाण सरळ रेषेत काढलेले असतात, त्यांना तहान लागत नाही.

अंजनगाव आणि सुर्जी ही जोडगावं, मध्ये शहानूर नदी. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी इथे वेलस्लीशी तह केला. या तहाने शिंद्यांनी काय सोडलं ते वाचलं की आजही अंगावर काटा येतो : गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याचा मुलूख, भडोच, अहमदनगर. महादजींनी आयुष्य घालून उभं केलेलं उत्तरेतलं बळ वऱ्हाडातल्या या गावी कागदावर गेलं. तह नेमका कुठल्या जागी झाला ते दाखवणारी पाटी शोधत मी बाजारातून दोन फेऱ्या मारल्या. एका पानवाल्याने मला देवनाथ महाराजांच्या मठाचा रस्ता दाखवला. नाथांच्या परंपरेतला हा मठ गावाला पुरता ठाऊक आहे. तह कोणाला ठाऊक नाही. मला त्याचा राग आला नाही. गावाने आपल्याला हवं ते लक्षात ठेवलं. दिल्ली कोणाकडे गेली याचा अंजनगावच्या मळेवाल्याला त्या वर्षी काय फरक पडला असेल?

फरक पडला तो वसुलाचा. त्याआधी वऱ्हाडात दुअमली होती. निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही एकाच गावातून वसूल घेत. १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाला मिळाला. दर्यापूरच्या कुणब्याला दोन धन्यांऐवजी एक धनी आला. तो सुखावला असं मात्र वऱ्हाडचा पुढचा इतिहास सांगत नाही.

रात्री अचलपुरात मुक्काम. इमादशाहीची ही राजधानी. १४९० साली फतेहुल्ला इमादुल्मुल्काने बहामनी राज्यातून फुटून वेगळं राज्य मांडलं. सपन आणि बिच्छन या नद्यांच्या काठी जुनं शहर, त्याचे दरवाजे, गावाबाहेर हौज कटोरा. हे सगळं बघायला एक दिवस पुरत नाही. मला वेळ नव्हता, कारण ७ डिसेंबरला सकाळी परतवाड्याहून निघायचं ठरवलं होतं. तारीख मुद्दाम धरली होती. स्टिव्हन्सनच्या फौजेने अचलपूर सोडलं तो दिवस ७ डिसेंबर.

आता मूळ प्रश्न. गाविलगडाला दक्षिणेकडून, म्हणजे वऱ्हाडच्या मैदानाच्या बाजूने, नुसते कडे आहेत. उत्तरेला मात्र एका चिंचोळ्या सोंडेने तो चिखलदऱ्याच्या पठाराला जोडलेला आहे. भिंत पाडायची तर मोठ्या तोफा उत्तरेला न्यायला हव्यात. म्हणून वेलस्ली स्वतः दक्षिणेला राहिला आणि स्टिव्हन्सनला धामणगावावरून डोंगरातून वळसा घालून उत्तरेला लबाडा गावी पाठवलं. अंतर सुमारे तीस मैल. ७ तारखेला निघालेली फौज १२ तारखेला पोचली. वेलस्लीने आपल्या अहवालात या वाटेविषयी लिहिलं आहे. अवजड तोफा आणि सामान माणसांनी हाताने ओढत डोंगरांवरून आणि दऱ्यांतून नेलं, आणि तेही आधी स्वतःच केलेल्या रस्त्याने.

हे मी पूर्वीही वाचलं होतं. वाचून पुढच्या पानावर गेलो होतो.

धामणगाव गढीच्या पुढे रस्ता वर बघू लागतो. आजचा डांबरी घाट थंड हवेला जाणाऱ्यांसाठी काढलेला, वळणं बेताची, चढ आटोक्यात. तरी तिसऱ्या वळणावर मी उतरलो. पायडलवर उभं राहून पाहिलं, चाक जागचं हलेना. मग ढकलणं. सायकल अठरा-वीस किलोची, पिशवी पाच-सहा किलोची. शंभर पावलांवर दम लागे. हँडल धरून उभा राही, ब्रेक दाबून, नाहीतर गाडी मागे येई. ही गोष्ट कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती : चढावर ओझं थांबवून धरणं हे ओढण्याइतकंच कष्टाचं असतं. सागाची पानं गळायला लागली होती, खाली दरीत कुठेतरी मोर ओरडत होता, आणि मी हिशेब करत होतो. तीस मैलांना पाच दिवस, म्हणजे दिवसाला सहा मैल. मैदानात हीच फौज त्याच्या दुप्पट, तिप्पट चाले. आधी झाडं तोडायची, दगड फोडायचे, मग दोर लावायचे, पुढून ओढायचं, चाकामागे दगड सरकवायचे, आणि उतार आला की तोच दोर मागून ताणून धरायचा. पलीकडच्या दरीत पुन्हा तेच.

हे कोणी केलं? अहवालात फौजेचं कौतुक आहे, सेनापतीचं आहे. दोर ओढणाऱ्या लष्करींची, बेलदारांची, बैलवाल्यांची नावं नाहीत. त्यांतले बहुतेक आपल्यासारखेच, याच देशातले. गडावरची शिबंदी आणि गडाखालचे हमाल यांच्यात भाषेचा अडसरही फारसा नसावा.

दुपारी एक पिकअप गाडी शेजारी येऊन थांबली. मागे संत्र्यांचे रिकामे कॅरेट. आतून हाक आली, "गुरुजी! काय करून रायले इथी?" माझा वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. सायकल मागे टाका म्हणाला. मी नको म्हटलं. त्याला वाटलं, डोकं फिरलं. मग मी त्याला तोफांची गोष्ट सांगितली, रस्त्याच्या कडेला उभं राहून. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "तुमीच तं सांगत होते, तीन दिवसांत पडला म्हणून."

तो गेला. उरलेला घाट मी त्या वाक्यासकट चढलो.

दुसऱ्या दिवशी गडावर गेलो. बहामनी सुलतान अहमदशाहाने १४२५ ते १४२८ या काळात हा गड बांधला असं फिरिश्ता लिहितो. गवळ्यांची मूळ वस्ती, म्हणून गाविल. शार्दूल दरवाजावर वाघ आणि हत्ती पायाखाली दाबणारा गंडभेरुंड कोरला आहे. इमादशाहीचा संस्थापक जन्माने विजयनगरकडचा ब्राह्मण होता, युद्धात पकडला जाऊन मुसलमान झालेला. दक्षिणेचा तो दोन तोंडांचा पक्षी वऱ्हाडात कसा आला, याचं उत्तर अभ्यासक तिथे शोधतात. मी त्या दरवाजाखाली बराच वेळ बसलो, पण माझं लक्ष उत्तरेच्या तटाकडे होतं.

दक्षिणेकडे वेलस्लीला लोखंडी तोफा चढवता आल्याच नाहीत, आणि पितळी तोफांनी भिंतीला काही झालं नाही. उत्तरेकडच्या मोर्चांनी १३ तारखेपासून मारा केला. १४ च्या रात्रीपर्यंत भगदाड पडलं, १५ ला सकाळी हल्ला झाला. आतला कोट वेगळा, मध्ये दरी. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी ती दरी ओलांडून शिड्या लावून चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग राजपूत लढत पडला, त्याच्या माणसांच्या ढिगात. त्याच्या घरच्या बायकांनी जोहार केला. आणि या सगळ्यानंतर दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहात गाविलगड भोसल्यांकडेच ठेवला गेला! नरनाळा आणि गाविलगड, आणि त्यांच्याखालचा चार लाखांचा मुलूख. ज्या गडासाठी एवढं रक्त सांडलं, तो घेणाऱ्यालाही नको होता. त्याला तह हवा होता. पुढे १८५८ मध्ये, तात्या टोपे येऊन बसेल या धास्तीने, इंग्रजांनी तट पाडले.

उत्तरेच्या पडक्या तटावर उभं राहून मी समोरच्या रानाकडे पाहिलं. तोफांच्या वाटेचा तुकडा कुठे ओळखू येतो का, ते बघत होतो. साग, धावडा, दगड. एक कोरकू बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन पायवाटेने चढत होती. तिला विचारलं, ही वाट कुठे जाते. म्हणाली, घरी.

परतीचा उतार पाऊण तासात संपला. ब्रेकची नवी रबरं जळल्याचा वास येत होता. धामणगाव गढीला चहाच्या टपरीवर तोच पिकअपवाला भेटला. मी त्याला म्हटलं, "मी चुकीचं शिकवलं. तीन दिवस नव्हेत. आधीचे पाच धरायला हवेत. गड पडला तो वाटेतच."

त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"म्हंजे आमचा पेपर चुकला काय, गुरुजी? म्या तं तीनच लिवलं होतं. पूर्ण मार्क देल्ते तुमी."