नाताळ : आज्ञा की प्रथा?

ख्रिस्ती माणसाने नाताळ धार्मिक सण म्हणून पाळावा की नाही, हा प्रश्न घोडेगावात विचारला तर लोक हसतील. पण हा वाद ख्रिस्ती लोकांनीच ख्रिस्ती लोकांशी घातलेला आहे, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात येतो.

१८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यांच्याच मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे उभारले. ही माणसे न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतली. तिथल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड करणारा कायदा झाला होता. १६८१ मध्ये तो रद्द झाला. पण कायदा गेला तरी वळण राहिलेच, आणि पुढेही बराच काळ त्या मंडळ्यांना २५ डिसेंबर हा इतर दिवसांसारखाच होता. १८२९ ला मुंबईत आलेले जॉन विल्सन स्कॉटलंडचे. तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९५८ साली! म्हणजे बघा, महाराष्ट्रात प्रोटेस्टंट मंडळ्या ज्यांनी उभ्या केल्या, त्यांतले कितीतरी जण नाताळ नसलेल्या परंपरेतून आलेले.

त्यांचे म्हणणे काय होते? लोक आधी तारखेचा मुद्दा काढतात. शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तारीख नाही, २५ डिसेंबर रोममध्ये चौथ्या शतकात रुजला, आर्मेनियन मंडळी ६ जानेवारी धरते. सगळे खरे. पण आम्हाला हा मुद्दा दुबळा वाटतो, आणि जुन्नर-आंबेगावच्या माणसाला तर तो मुळीच पटायचा नाही. शिवनेरी इथून लांब नाही. शिवजन्म वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ चा की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ चा, यावर किती शाई सांडली! म्हणून जयंती थांबली का? आजही कोणी तारखेने करतो, कोणी तिथीने.

खरा मुद्दा अधिकाराचा होता. देवाने ज्याची आज्ञा दिली नाही तो दिवस पवित्र ठरवणारे आपण कोण? उपासनेत आज्ञा नसलेले काही नको, रविवार पुरे. हा विचार हलका समजू नका. साध्या माणसाच्या सदसद्विवेकावर धर्माधिकाऱ्याने नवी ओझी लादू नयेत, ही काळजी त्यात आहे.

पण तो नियम शेवटपर्यंत ताणून बघा. स्कॉटलंडच्या कित्येक मंडळ्यांत स्तोत्रसंहितेबाहेरची गाणीसुद्धा उपासनेत चालत नसत. मग १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची भजने आणि कीर्तने कुठे बसवायची? त्यांची तरी आज्ञा कुठे आहे? ती काढून टाकली तर मराठी ख्रिस्ती उपासनेत मराठी असे काय उरेल?

आणि इथे एक गोष्ट परदेशी पंडितांच्या वादात येत नाही. गावात धर्म बदललेल्या माणसाची जत्रा गेली, पोळा गेला, दिवाळी गेली. वर्षभर तो शेजाऱ्याच्या सणाला बाजूला उभा. त्याच्या दाराशी लोकांनी यावे असा एक तरी दिवस नको का? आज कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या होतात. हा फराळ कुठल्या मिशनऱ्याने शिकवलेला नाही! शब्दसुद्धा पाहा: ‘नाताळ’ हा पोर्तुगीज, कॅथलिकांकडून आलेला, मूळ अर्थ जन्माचा. प्युरिटनांच्या मराठी शिष्यांनी तो बिनदिक्कत आपला केला. (शब्दाला कोण जात विचारतो!)

मग पाळावा का? गलतीकरांना दिवस आणि महिने पाळता म्हणून रागावणारा पौल रोमकरांना मात्र सांगतो की दिवस मानणाऱ्याने आणि न मानणाऱ्याने एकमेकांचा न्याय करू नये. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. एका ठिकाणी सक्ती होती, दुसऱ्या ठिकाणी श्रद्धा. तेव्हा पाळावा, उपासनेसह पाळावा, असे आमचे मत. फक्त तारणाची अट म्हणून नव्हे. यहोवाचे साक्षीदार आजही नाताळ पाळत नाहीत. त्यांच्याशी वाद जरूर घालावा, पण २५ डिसेंबरला दार बंद ठेवले म्हणून कोणाला अधार्मिक ठरवण्याचा हक्क पाळणाऱ्यालाही नाही.