बंदीने नेमकं काय थांबलं?

संशोधनाचा विषय निवडताय ना? मग आधी नंदादेवीचा इतिहास बघा.

उत्तराखंडमधलं हे ७,८१६ मीटरचं शिखर. भोवती उंच डोंगरांचं कडं, आणि आत शिरायची वाट म्हणजे ऋषिगंगेची अवघड घळ. १९३४ मध्ये एरिक शिप्टन, बिल टिलमन आणि तीन शेर्पा या घळीतून आतल्या खोऱ्यात पोचले. १९३६ मध्ये टिलमन आणि नोएल ओडेल शिखरावर चढले. १९७४ पासून परदेशी मोहिमांची रीघ लागली. वाटेवर कचरा साठला, जळणासाठी झाडं तुटली. शेवटी १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि मोहिमा बंद पडल्या.

पण त्यासोबत लाता, रैणी या गावांची वरच्या कुरणांतली चराई थांबली, हमालीचे पैसेही गेले. गंमत बघा, याच रैणीच्या बायकांनी गौरादेवींबरोबर १९७४ मध्ये ठेकेदाराच्या कुऱ्हाडींपासून जंगल वाचवलं होतं!

१९९३ मध्ये लष्करी मोहिमेबरोबर शास्त्रज्ञ आत गेले. समजा, तुम्ही त्यांच्यात आहात आणि झाडोरा वाढलेला दिसतोय. श्रेय कशाला द्याल? गिर्यारोहक थांबले याला, की मेंढ्या थांबल्या याला? दोन्ही एकदमच थांबलं, त्यामुळे नुसतं ‘आधी’ आणि ‘नंतर’ ताडून उत्तर मिळत नाही.

म्हणून प्रस्तावात ‘बंदीमुळे’ हा शब्द लिहिण्याआधी एक यादी करा: बंदीने काय काय थांबलं, आणि कुणाचं?