बळवंतरावांचं नापास वर्ष

रत्नागिरीच्या मधल्या आळीत टिळकांचं जन्मघर आहे. कोकणातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरासारखंच ते घर: उतरतं कौलारू छप्पर, पुढे अंगण, आत बेताचा उजेड. २३ जुलै १८५६ रोजी इथे गंगाधरपंत आणि पार्वतीबाई यांना मुलगा झाला. नाव केशव ठेवलं, हाक मात्र ‘बाळ’ अशीच पडली आणि पुढे सगळ्या देशाने तीच उचलली. गंगाधरपंत शाळामास्तर होते, संस्कृत आणि गणितात मुरलेले. श्लोक पाठ केला की मुलाच्या हातावर बक्षिसाचे पैसे पडत. दहा वर्षांचा होईपर्यंत बाळ रत्नागिरीत वाढला. १८६६ साली वडिलांची बदली झाली आणि बिऱ्हाड पुण्याला गेलं.

बुद्धी तल्लख होती, पण प्रकृती तोळामासा. आई अशक्त होती आणि ती लवकर गेली. १८७२ साली वडीलही गेले. त्याच वर्षाअखेर मुलगा मॅट्रिक झाला आणि १८७३च्या सुरुवातीला डेक्कन कॉलेजात दाखल झाला. सोळा वर्षांचं वय, लग्न झालेलं, डोक्यावर वडिलांचं छत्र नाही. अशा मुलाने पहिल्या दिवसापासून पुस्तकात डोकं घालावं, पटापट परीक्षा द्याव्यात आणि नोकरी धरावी, अशीच कुणाचीही अपेक्षा असणार.

त्याने केलं भलतंच. कॉलेजचं पहिलं वर्ष त्याने शरीराला देऊन टाकलं. वर्गापेक्षा आखाड्यात जास्त वेळ, जोर-बैठका, कुस्ती, कॉलेजजवळच्या मुळा-मुठेच्या पात्रात पोहणं, आणि वर भरपूर जेवण. सोबतची मुलं टिपणं काढत असायची तेव्हा हा अंगाला माती लावून मोकळा. वर्षाअखेरीस व्हायचं तेच झालं. परीक्षेत बळवंतराव नापास झाले.

टिळकांचे चरित्रकार ही हकिगत कौतुकाने सांगतात, पण पुढचं सगळं ठाऊक असल्यामुळे ते कौतुक सोपं जातं. १८७३ साली त्या मुलाला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. वर्गातले पुढे निघून गेलेले, चुलते पालकत्व करणारे, आणि हातात नापासाचा निकाल. त्या जागी उभं राहून पाहिलं की त्या वर्षाची किंमत कळते. आधी देह सुधारायचा, मग अभ्यास, असा शब्द त्याने स्वतःला दिला होता आणि तो पाळला होता. दुसऱ्या वर्षापासून तो अभ्यासाला लागला, गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाला आणि १८७९ साली एल्‌एल.बी. व्यायामाची गोडी मात्र राहिली.

त्या पिढीची आयुष्यं पाहिली की या वर्षाचं मोल आणखी जाणवतं. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर बत्तिसावं वर्ष पुरं व्हायच्या आत गेले. न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. गोपाळ गणेश आगरकर टिळकांपेक्षा नऊच दिवसांनी मोठे, डेक्कन कॉलेजातले सोबती, न्यू इंग्लिश स्कूलचे सहकारी. ते १८९५ साली, एकोणचाळिशी गाठण्याआधीच दम्याने गेले. यात त्यांचा काही दोष होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. आगरकरांनी दारिद्र्यात शिक्षण केलं आणि आजारपणातही लेखणी खाली ठेवली नाही. पण अंगातली शक्ती जाळून काम करायचं, हीच त्या काळी देशसेवेची रीत मानली जात होती. अशा वेळी एक अख्खं वर्ष प्रकृतीला देणं ही चैन वाटली असती, स्वार्थही वाटला असता.

ते वर्ष पुढे पुन्हा पुन्हा उपयोगी पडलं. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. वर्षभराने सुटका झाली तेव्हा टिळक वाळून गेले होते. त्यांनी पहिलं काय केलं, तर सिंहगड गाठला. गडावरची हवा, विश्रांती, हळूहळू वाढवलेलं चालणं. थकवा आला की गड, हा त्यांचा नेमच होऊन गेला. वेदांचं मूळ आर्क्टिक प्रदेशात शोधणारा त्यांचा ग्रंथ १९०३ साली बाहेर आला, त्याच्या लेखनालाही ही गडाची हवा मानवली.

मग आलं मंडाले. जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली तेव्हा टिळक बावन्न वर्षांचे होत होते आणि मधुमेह जडलेला होता. मंडालेची कोठडी लाकडी फळ्यांची. उन्हाळ्यात फटींतून झळा, थंडीत गारठा. तिथे त्यांनी दिवस आखून घेतला. रोगाला सोसेल तेवढंच खायचं, सातूच्या पिठावर भागवायचं, वाचनाची वेळ ठरलेली, लिखाणाची ठरलेली. सुमारे चारशे पुस्तकं जमली. जर्मन, फ्रेंच, पाली या भाषांचा अभ्यास त्यांनी तिथे केला. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई गेल्याची तार त्या कोठडीतच त्यांच्या हातात पडली.

इथे रत्नागिरीकराला हटकून आठवतो तो थिबा. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८६ साली मंडालेहून रत्नागिरीला आणला गेला आणि तीस वर्षं इथेच राहिला. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा मुलगा मंडालेत, ही अदलाबदल कोणत्याही कादंबरीकाराला सुचली नसती. १९१०च्या सुमारास समुद्राकडे तोंड केलेला थिबा पॅलेस उभा राहत होता, तेव्हा तिकडे टिळक शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. राजाजवळ वाडा होता, पेन्शन होतं. पण करायला काम उरलं नव्हतं. १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. त्याची समाधी इथे आहे.

‘गीतारहस्या’चा खर्डा १९१०-११च्या हिवाळ्यात, पाचेक महिन्यांत पुरा झाला. सुटे कागद मिळत नसत. पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्या, आणि शाईऐवजी शिसपेन्सिल. जून १९१४ मध्ये टिळक सुटले तेव्हा त्या वह्या सरकारने ठेवून घेतल्या. मित्रांना धास्ती पडली की आता त्या कायमच्या गेल्या. टिळक शांत होते. त्यांचं म्हणणं असं सांगतात की वह्या सरकारजवळ आहेत, पण ग्रंथ आपल्या डोक्यात आहे. सिंहगडावर जाऊन दोन-तीन महिन्यांत पुन्हा लिहून काढू. तेव्हा ते अठ्ठावन्नाचे होत होते आणि सहा वर्षांचा तुरुंग भोगून नुकतेच घरी आले होते.

पुढे सरकारने वह्या परत केल्या. १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. पुन्हा लिहायला गडावर बसायची वेळ आली नाही.